एसीचा गॅस ‘संपत’ नाही हो, तो कुठूनतरी जातोय

एप्रिल लागला की या सदराला येणाऱ्या पत्रांत निम्मी तरी एसीच्या गॅसची असतात. यावेळी त्यातली पाच घेतलीयेत. लातूरच्या पत्राचं उत्तर बरंच लांबलंय पण ते मुद्दाम, कारण त्यात एका पोराच्या जिवाचा प्रश्न आहे.

ऐरोलीहून एक ताई लिहितात: दादा, आमचा दीड टनाचा आर-३२ गॅसवाला स्प्लिट एसी चार वर्षांचा आहे. दर उन्हाळ्यात थंड करायचा बंद होतो, मेकॅनिक येतो, गॅस संपला म्हणतो आणि अडीच-तीन हजार घेऊन भरून जातो. आम्ही जास्त वापरतो म्हणून संपतो का?

ताई, नाही. तुमच्या वापराचा आणि गॅस कमी होण्याचा काहीच संबंध नाही. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून जात नाही, तोच तो गॅस बंद नळीत गोल फिरत राहतो, खोलीतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो, दहा वर्षं चालवा नाहीतर पंधरा, कमी झाला म्हणजे कुठेतरी लीक आहे एवढाच त्याचा अर्थ. लीक न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं आणि तुम्ही ते तीन उन्हाळे विकत घेतलंय, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता लीक कुठे असेल? सगळ्यात आधी इनडोअर-आउटडोअरला पाइप जिथे नटाने जोडलेत ते चार फ्लेअर जॉइंट बघायला सांगा, तिथे तेलकट डाग आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली तर बहुतेक तिथेच आहे, कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं ऑइलही थोडं थोडं बाहेर येतं. पण तुम्ही ऐरोलीच्या आणि त्यातही खाडीजवळच्या असाल तर मला जास्त संशय कॉइलचा येतो. खाडीला, नाल्याला जो कुजक्या अंड्यासारखा वास येतो ना, तो हायड्रोजन सल्फाइड, तो तांब्याला खातो, कॉइल काळी पडते आणि सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात जी डोळ्यांना दिसतसुद्धा नाहीत. तसं असेल तर टांके मारत (धातू वितळवून भोक बुजवत) बसू नका, एक भोक बुजवलं की महिन्याभरात शेजारचं उघडतं, कॉइलच बदला आणि वर कोटिंग असलेली मिळाली तर तीच घ्या.

मेकॅनिकला दोन गोष्टी विचारा. नायट्रोजन दाबाने भरून लीकची टेस्ट करणार का आणि गॅस वजनकाट्यावर मोजून भरणार का. आउटडोअरच्या लेबलवर किती ग्रॅम गॅस हवा ते छापलेलं असतं, तेवढाच जायला हवा, नुसता गेज (दाब दाखवणारा काटा) बघून अंदाजे भरलेला चालत नाही. आणि ताई एक विनंती, आउटडोअर खिडकीबाहेर ग्रिलवर असेल आणि माणूस बेल्ट न लावता बाहेर उतरायला लागला तर त्याला थांबवा, काम उद्या झालं तरी चालेल. ही पोरं गॅसपेक्षा उंचीवरून पडून जास्त जातात, मी माझ्या ओळखीतला एक असाच गमावलाय.

लातूरहून एक नवा मेकॅनिक: सर, मी आयटीआय करून एका दुकानात लागलोय. दुकानात नायट्रोजनचा बाटला नाही, वेल्डिंगचा ऑक्सिजन आहे, उस्ताद त्यानेच प्रेशर टेस्ट करतात, म्हणतात वीस वर्षं करतोय, काही झालं नाही. शिवाय गेज आणि चार्जिंग लाइन (गॅस भरायची नळी) सगळी आर-२२ या जुन्या गॅसची आहे, त्यावरच आर-३२ आणि आर-४१०ए हे नवे गॅस भरतो. बरोबर आहे का?

नाही रे बाळा, दोन्ही चूक आहे आणि पहिलं तर असं चूक आहे की आजपासूनच बंद कर, नोकरी गेली तरी चालेल. सिस्टिममध्ये कॉम्प्रेसरचं ऑइल असतं, दाबाखालचा ऑक्सिजन आणि ऑइल एकत्र आले की ठिणगीसुद्धा लागत नाही, आपोआप भडका उडून कॉम्प्रेसर बॉम्बसारखा फुटतो. वीस वर्षं काही झालं नाही हे नशीब आहे, त्यावर तू तुझं नशीब लावू नकोस. हवेच्या कॉम्प्रेसरनेही टेस्ट करायची नाही, हवेतही ऑक्सिजन आहेच, वर ओलावा आत जातो तो वेगळा. फक्त ड्राय नायट्रोजन. आणि तोही रेग्युलेटर लावूनच, भरलेल्या बाटल्यात दीडशे बार म्हणजे २,००० पीएसआयच्या (पीएसआय हे दाबाचं माप) वर प्रेशर असतं, ते सरळ पाइपात सोडलं तर कॉइल फाटेल आणि तू समोर उभा असशील.

टेस्ट करताना एकदम वर जायचं नाही. आधी ७० पीएसआयपर्यंत ने, थांब, कान देऊन ऐक, मग २०० च्या आसपास, परत थांब, मग मशीनच्या लेबलवर जेवढं लिहिलंय तेवढं, त्याच्या वर एक पीएसआयसुद्धा नाही. प्रत्येक जॉइंटला साबणाचा दाट फेस लाव, पाणीदार नको, आणि घाई न करता बघत बस, बारीक लीकचा बुडबुडा उमलायला मिनिटभर घेतो. रात्रभर ठेवणार असशील तर प्रेशरबरोबर तापमानही लिहून ठेव, कारण दुपारी ४०० पीएसआयवर सोडलेलं मशीन पहाटे १० अंश गार झालं की लीक नसतानाही १३ पीएसआय कमी दाखवतं आणि पोरं उगाच सगळे टांके परत उघडत बसतात.

आता गेजचं. ३५ अंशाला, मशीन बंद असताना, आर-२२ चं प्रेशर साधारण १८० पीएसआय असतं, आर-३२ आणि आर-४१०ए चं त्याच तापमानाला ३०० च्या आसपास. चालू मशीनच्या डिस्चार्जला, म्हणजे कॉम्प्रेसरमधून गॅस बाहेर पडतो तिथे, भर उन्हात ते ४०० च्या वर जातं. जुनी लाइन यासाठी बनलेलीच नाही. मी शिकत होतो तेव्हा ज्या दुकानात होतो तिथे हेच चालायचं, एकदा ४१०ए भरताना माझ्या हातातली लाइन क्रिम्पजवळ (टोक दाबून बसवलेलं असतं तिथे) फाटली आणि लिक्विड डाव्या हातावर आलं, ते उणे ५१ अंशाला उकळतं, दोन बोटांची कातडी पांढरी पडून निघाली, डाग अजून आहेत. म्हणून हातमोजे आणि चष्मा, उन्हाळ्यात घामाने कितीही चिकचिक झाली तरी. आणि कुणाला असं लागलंच तर चोळू नका, कोमट पाण्यात धरा आणि दवाखान्यात न्या. तर ८०० पीएसआयची लाइन आणि ४१०ए/३२ चा गेज घे, उस्ताद देत नसतील तर पगारातून हप्त्याने घे.

लीक सापडल्यावर लगेच टांक्याची गन पेटवू नकोस. आधी गॅस रिकव्हरी मशीनने बाटल्यात काढ, हवेत सोडायचा नाही. एक किलो ४१०ए हवेत सोडला तर वातावरण तापवायला तो दोन टन कार्बन डायऑक्साइडएवढा भारी पडतो, आर-३२ त्याच्या एक तृतीयांश, तरी कमी नाही. रिकव्हरीचा बाटला ८० टक्क्यांच्या वर भरायचा नाही, लिक्विड तापलं की फुगतं आणि त्याला जागा लागते, नाहीतर उन्हात टेम्पोमध्ये ठेवलेला बाटला फुटतो. मग नायट्रोजनने लाइन धू, आणि जुना जॉइंट आगीने सोडवण्याऐवजी पाइप कटरने काप, कारण ऑइलमध्ये मुरलेला गॅस उष्णतेने बाहेर येतो आणि आर-३२ असेल तर ज्वाळा तोंडावर येते. शिवाय हे गॅस आगीत गेले की हायड्रोजन फ्लोराइड तयार होतो, घसा आणि डोळे जळायला लागले तर समजून जा आणि तिथून बाहेर पड. टांका मारताना पाइपमधून नायट्रोजन अगदी हलका वाहता ठेव, दुसरं टोक उघडं, नाहीतर आत काळी पापडी धरते आणि ती पुढे जाऊन कॅपिलरी (गॅसची अगदी बारीक नळी) चोक करते. त्यानंतर पंपाने व्हॅक्यूम, ५०० मायक्रॉनच्या (व्हॅक्यूमचं माप) खाली, आणि पंप बंद करून थांबून बघ वर चढतंय का. या गॅसच्या मशीनमधलं पीओई नावाचं ऑइल मिठासारखं ओलावा ओढतं, त्यामुळे ‘थोडा गॅस सोडून हवा काढली’ हे चालणार नाही.

अजून एक, आणि हे मी प्रत्येक पोराला सांगतो. लीक झालेल्या मशीनचं पंपडाउन करू नकोस. एसी हलवायचा असला की आपण बारीक पाइपचा वॉल्व बंद करून कॉम्प्रेसर चालू ठेवतो आणि गॅस आउटडोअरमध्ये गोळा करतो, पण लो साइडला (कमी दाबाच्या बाजूला) भोक असेल किंवा कुणी घाईत चालू मशीनचाच नट सोडला तर कॉम्प्रेसर बाहेरची हवा ओढतो, आत हवा आणि ऑइल दाबलं जातं, तापतं आणि डिझेल इंजिनसारखा स्फोट होतो. आउटडोअर फुटून माणसं गेलीयेत ती बरीचशी अशीच. आधी दोन्ही वॉल्व बंद, मग मशीन बंद, प्लग बाहेर, मग नट. आणि गॅस गेलेलाच असेल तर पंपडाउन नाहीच, उरलेला रिकव्हर कर.

पुण्याहून एक आई: रात्री बेडरूममध्ये एसीतून फस्स आवाज आला आणि थंड वाफेसारखं काहीतरी आलं. बाळ आठ महिन्यांचं आहे, खाली गादीवर झोपतं. आर-३२ विषारी असतो का? आग लागेल का?

बाळाला उचलून दुसऱ्या खोलीत नेलंत असं धरतो. आर-३२ विषारी म्हणावा असा नाही, पण हवेपेक्षा जड असल्याने खाली बसतो आणि जमिनीलगत श्वासाची हवा कमी करतो, म्हणून गादीवरच्या बाळाची काळजी आधी. आगीचं म्हणाल तर तो पेटायला एका घनमीटर हवेत साधारण ३०० ग्रॅम लागतो, समजा तुमच्या एसीत ८०० ग्रॅम आहे आणि खोली १० बाय १२ ची, तर सगळाच्या सगळा पसरला तरी घनमीटरला २५-२६ ग्रॅम होतात, त्यामुळे अख्खी खोली पेटेल ही भीती नको. पण लीकच्या तोंडाशी आणि जमिनीजवळ तो दाट असतो, म्हणून तिथे काडी, उदबत्ती, निरांजन काही पेटवू नका, खिडक्या-दारं सताड उघडा, त्या खोलीतली बटणं दाबण्यापेक्षा मेन बोर्डावरून एसी बंद करा आणि दुरुस्तीपर्यंत तिथे झोपू नका.

कोल्हापूरहून एक काका: माझा आर-२२ चा जुना एसी आहे. मेकॅनिक म्हणतो आर-२२ महाग झालाय, त्याऐवजी ‘हायड्रोकार्बन’ भरू, स्वस्त पडेल.

काका, नको. आर-२९० म्हणजे प्रोपेन, गॅस म्हणून तो उत्तम आहे, आपल्याकडे त्यावर चालणारे एसी कंपनीतूनच येतात, पण ते त्यासाठी डिझाइन केलेले असतात, गॅस कमी, ठिणगी उडेल असे भाग बंदिस्त. तुमच्या जुन्या मशीनमध्ये यातलं काही नाही आणि प्रोपेन हवेत २ टक्के झाला तरी पेटतो, आर-३२ ला १४ टक्के लागतात, यावरून फरक बघा. आर-२२ भारतात २०३० पर्यंत बंद करायचं ठरलंय, मिळणं अवघडच होत जाणार. लीक छोटा असेल तर बुजवून आर-२२ च भरा, मोठा असेल तर त्यावर पैसे न घालता नवीन घ्या.

तासगावहून बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमधला कामगार: आमच्याकडे अमोनिया आहे. वॉल्वच्या ग्लँडमधून (दांड्याभोवतीच्या सीलमधून) वास येतो, ऑपरेटर म्हणतो सवय होईल. पळायचं कधी?

सवय होणं हाच धोका आहे भाऊ. अमोनिया अगदी थोडा असतानाही नाकाला कळतो, ती त्याची चांगली बाजू, पण रोज वास घेऊन नाक बोथट होतं. ग्लँडचा वास म्हणजे लीकच, त्याची नोंद लिहून मालकाला द्या आणि ग्लँड मास्क घातलेल्या, शिकलेल्या माणसानेच आवळावी, पाना घेऊन तुम्ही जाऊ नका. डोळे चुरचुरायला लागले की पळायचं, वाऱ्याला आडवं आणि मग वारा जिकडून येतोय त्या बाजूला, ओला रुमाल नाकातोंडावर. हवेतल्या ढगावर पाण्याचा फवारा मारला की अमोनिया पाण्यात विरतो, पण जमिनीवर साचलेल्या लिक्विडवर पाणी ओतू नका, ते उकळून ढग अजून मोठा होतो. वारा कुठून येतोय ते कळायला गच्चीवर एक कापडी पिशवी काठीला बांधा, आजच बांधा, आणि मास्कचा फिल्टर कोणत्या तारखेपर्यंत चालतो ते बघून मला कळवा.