वाचक विचारतात : धुराडं पाडताना

प्रश्न : डिचोलीतल्या आमच्या जुन्या कौलांच्या भट्टीचं विटांचं उंच धुराडं पाडायचंय. कंत्राटदार म्हणतो, कमरेला दोरी बांधून माणसं चढवतो. चालेल?

उत्तर : मुळीच नाही. कमरेच्या दोरीला झटका बसला की कण्याचं, बरगड्यांचं काही खरं नाही. अंगभर पट्ट्यांचा हार्नेस हवा. त्याची दोरी डोक्याच्या वर, भक्कम ठिकाणी अडकवायची. गंजक्या पायऱ्यांना तर नकोच. आणि माणूस अडकून वाचला म्हणजे सुटला असं नाही. लोंबकळताना रक्त पायांत साचतं, काही मिनिटांत शुद्ध हरपू शकते. त्याला खाली कोण, कसा आणणार, हे आधी विचारा. ‘अग्निशामक दल येईलच की’ म्हणाला, तर दुसरा कंत्राटदार बघा.

विटा वरून एकेक काढून धुराड्याच्या पोटात सोडायच्या. तळाशी साचलेल्या विटांचा उपसा मात्र वरचं काम थांबवूनच. इंग्लंडात बोल्टनचे धुराडी पाडणारे फ्रेड डिब्ना बुंध्याच्या विटा काढून लाकडी टेकू देत आणि ते जाळून अख्खी चिमणी आडवी करत. बघायला झकास! पण तुमच्या शेजारी घरं असतील तर तो नाद सोडा. मे महिन्यात संध्याकाळी गडगडलं की माणसं लगेच खाली उतरवा.