टीसीएल (पाणी शुद्ध करायची ब्लिचिंग पावडर) टाकायला नवीन आहात? एवढं सांभाळा

भाऊ, जलसुरक्षक (गावच्या पाण्याची काळजी घेणारा) म्हणून पहिल्यांदाच टाकीवर चढताय ना, घाबरू नका, लवकरच हात बसेल. आधी पावडर बघा. चांगल्या टीसीएलमध्ये साधारण 33 टक्के क्लोरीन असतो. पण आपल्या जळगाव-भुसावळकडच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत उघडी पडलेली गोणी म्हणजे शेवटी नुसता चुना! तोंड घट्ट बांधून सावलीत ठेवा.

नवखे कोरडी पावडर थेट टाकीत ओततात. तसं नको.

- 1000 लिटरला 2.5 ग्रॅम. प्लास्टिकच्या बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरची निवळीच टाका.
- अर्ध्या तासाने पाण्याची ओटी चाचणी (ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून क्लोरीन बघणं). पिवळी झाक यायला हवी.
- संडासाचं अ‍ॅसिड त्या बादलीत कधीच नको, विषारी वायू सुटतो.

डोसर मशीनचं (क्लोरीन आपोआप सोडणारं यंत्र) नंतर बघू.