सेवेची वही आणि खोट्या सह्या

नववीतल्या एका मुलाच्या आईने भेटीच्या सुरुवातीलाच शाळेची ‘समाजसेवा नोंदवही’ माझ्यापुढे ठेवली. वर्षभरात ठरावीक तास सेवा करायची आणि दर वेळी संबंधित संस्थेच्या माणसाची सही आणायची, असा त्या शाळेचा नियम होता. वहीतल्या तीन महिन्यांच्या नोंदी एकाच पेनाने, बहुधा एकाच बैठकीत लिहिलेल्या दिसत होत्या आणि सहीचे शेवटचे वळण प्रत्येक ओळीत थोडे वेगळे पडले होते. “खोटेपणाचे वाईट वाटतेच,” त्या म्हणाल्या, “पण सर, इतर मुले हौसेने जातात आणि आमच्याच मुलाच्या मनात कणव कशी नाही?”

ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून हा अनुभव लिहितो आहे, कारण हीच चिंता अनेक पालक निरनिराळ्या शब्दांत मांडतात.

मुलाशी स्वतंत्रपणे बोलल्यावर वेगळेच चित्र समोर आले. पहिल्या महिन्यात शाळेने मुलांना वृद्धाश्रमात नेले होते. दोन गाणी झाली, भेटवस्तू वाटल्या, सामूहिक छायाचित्र निघाले. निघताना एका आजींनी त्याचे मनगट धरून “परत कधी येशील?” असे विचारले आणि हा “पुढच्या शनिवारी” म्हणून मोकळा झाला. पुढच्या शनिवारी मात्र वेळापत्रकात बागेची सफाई होती आणि त्यानंतर बालगृह. “मी फोटोपुरताच गेलो होतो, सर,” तो म्हणाला. त्यानंतर तो दर शनिवारी वाचनालयात बसून वेळ काढू लागला आणि वही घरी भरू लागला. टाळाटाळ करणारे प्रत्येक मूल इतके हळवे असते असे मी म्हणणार नाही. काहींना निव्वळ कंटाळा असतो. या मुलाची अडचण मात्र कणव नसण्याची नव्हती, दिलेला शब्द पाळता न आल्याच्या शरमेची होती.

मुलगा तयार होत नसेल तर त्याला काहीतरी बक्षीस कबूल करावे का, असे आईने विचारले. मी स्पष्ट नकार दिला. वॉर्नेकन आणि टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, मदत केल्याबद्दल वस्तुरूप बक्षीस मिळालेली सुमारे २० महिन्यांची बाळे पुढे, नुसती शाबासकी मिळालेल्या किंवा काहीच न मिळालेल्या बाळांपेक्षा कमी वेळा मदतीला धावली. सक्तीचेही असेच आहे. स्टुकास आणि सहकाऱ्यांच्या १९९९ च्या अभ्यासात असे आढळले की, जे विद्यार्थी आपणहून सेवेला गेले नसते, त्यांची पुढे सेवा करण्याची इच्छा सक्तीमुळे खालावली. निवडीची मुभा मिळाल्यावर तसे झाले नाही. याचा अर्थ शाळेने सेवा ठेवूच नये असा मी लावत नाही. कॅनडातील ओंटारियो प्रांतात माध्यमिक शिक्षणाच्या पदविकेसाठी ४० तासांची सेवा आवश्यक आहे, पण ती कुठे करायची हे बऱ्याच अंशी विद्यार्थी ठरवतो. अनेक देशांतल्या शाळांत चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय बॅकलॉरिएट पदविका अभ्यासक्रमात तर पूर्वी सर्जनशीलता, शारीरिक कृती व सेवा या उपक्रमांसाठी मिळून १५० तासांचा हिशेब असे. आता तास मोजण्याऐवजी किमान १८ महिने सातत्य आणि मुलाचे स्वतःचे चिंतन पाहिले जाते. मला हा बदल योग्य दिशेचा वाटतो, कारण तास मोजले की मुले तासच भरतात.

खोट्या नोंदींचा प्रश्न मी सौम्य केला नाही. मुलाने स्वतः वर्गशिक्षिकेला सांगावे असे ठरले आणि त्या नोंदी रद्द झाल्या. त्याच भेटीत त्याने एकच जागा कायम ठेवण्याची परवानगी मागितली. बाईंनी आधी वृद्धाश्रमाला काय हवे आहे ते विचारून घेतले, तेव्हा कळले की गाण्यांचे कार्यक्रम तिथे पुष्कळ होतात. हवे होते ते मोबाइलवर नातवंडांना व्हिडिओ कॉल लावून देणारे आणि वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवणारे कोणीतरी. चार मुलांनी ते काम वाटून घेतले. परतल्यावर तास लिहिण्याऐवजी आज काय खटकले आणि काय जमले नाही हे चार ओळींत लिहायचे होते, आणि माझ्या मते सगळ्या व्यवस्थेत शिक्षण घडले ते याच चार ओळींत.

देणगीबद्दलही बोलणे झाले. अधिक रक्कम आणणाऱ्या मुलांना व्यासपीठावर बोलावण्याची पद्धत तिथेही होती. मुलाने आणलेले पैसे जर आईवडिलांचेच असतील, तर दान कोणी केले? त्यापेक्षा रक्कम लहान असावी, तीही स्वतःच्या खाऊच्या पैशांतून बाजूला काढलेली, नाव जाहीर न करता दिलेली आणि कुठे द्यायची हे वर्गाने चर्चा करून ठरवलेली. वृद्धाश्रमाच्या स्नानगृहात आधाराचे दांडे बसवायचे की करमणुकीचे साहित्य घ्यायचे, यावर वर्गात घातलेला वाद कुठल्याही धनादेशाच्या छायाचित्रापेक्षा अधिक शिकवतो.

शेवटी आईने अभ्यासाचे विचारले. पंधरवड्यातून दोन तास हे कोणत्याही अभ्यासाला जड नसतात. फक्त परीक्षेच्या काळात येणार नसल्याचे मुलाने आधीच आणि स्वतः कळवावे. तो निरोप आईने त्याच्या वतीने देऊ नये.