खाडीच्या गाळातले तीन महिने अर्जात लपवू नकोस

तुझा प्रश्न थोडक्यात असा. राहतेस ऐरोलीला, ठाण्याच्या कॉलेजात एमएस्सी बायोटेकच्या दुसऱ्या वर्षाला आहेस. बीएस्सीला ६.९ सीजीपीए, दुसऱ्या वर्षी बायोकेमिस्ट्रीत एक केटी (म्हणजे नापास होऊन पुन्हा दिलेला पेपर), दहावीपर्यंत मराठी माध्यम, छापलेला पेपर एकही नाही. प्रकल्प ठाणे खाडीच्या गाळातून शिसं सहन करणारे जिवाणू वेगळे करण्याचा, आणि त्यातले पहिले तीन महिने, तुझ्याच शब्दांत, ‘वाया गेले’. अमेरिकेत पीएचडीला अर्ज करायचा मनात आहे. पण एजंट म्हणतो आधी एमएस कर, आणि तुलाही वाटतं की आपण अर्ज करणं हाच आगाऊपणा.

आधी त्या तीन महिन्यांबद्दल बोलू. तू लिहिलं आहेस की नेहमीच्या पोषक माध्यमात जिवाणू शिशाची भरपूर मात्रा सहन करताना दिसायचे, पण प्रयोग पुन्हा केला की आकडा बदलायचा. मग लक्षात आलं की माध्यमातला फॉस्फेट शिशाबरोबर साका होऊन खाली बसतोय, पेप्टोनही शिशाला बांधून ठेवतंय, म्हणजे जिवाणूंपर्यंत शिसं पुरेसं पोचतच नव्हतं. ट्रिस बफरचं, कमी फॉस्फेटचं माध्यम घेतल्यावर आकडे खाली आले आणि जुळायला लागले. हे तू प्रश्नाच्या शेवटी, माफी मागितल्यासारखं लिहिलं आहेस. माझ्या मते तुझ्या अख्ख्या अर्जातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे. अर्ज वाचणाऱ्या प्राध्यापकांच्या डोक्यात एकच हिशेब चालू असतो: हिला पाच-सहा वर्षं प्रयोगशाळेत जागा दिली आणि प्रयोग फसले, तर ही काय करेल? प्रयोग फसणार हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. ज्याचं सगळं पहिल्या फटक्यात जमलं असा अर्ज त्यांना याबद्दल काहीच सांगत नाही.

त्यामुळे एसओपीचा, म्हणजे अर्जासोबतच्या स्वतःबद्दलच्या निबंधाचा, निम्मा भाग या प्रकल्पाला दे. एकूण लांबी दोन पानं, साधारण ८०० ते १००० शब्द. विभागाने मर्यादा दिली असेल तर तीच पाळायची. पहिलं वाक्य ‘लहानपणापासून मला विज्ञानाची आवड’ असं नको, ते पुसून टाकलं तरी अर्जातलं काहीच कमी होत नाही. सुरुवात थेट खाडीपासून कर: गाळ कुठून घेतला, भरती-ओहोटीच्या वेळा आणि खारटपणा का नोंदवला, किती जिवाणू वेगळे झाले, कोणत्या मात्रेपर्यंत वाढले. मग क्रमाने सांग की आकडे का जुळेनात, कारण काय असेल असं तुला वाटलं, ते तपासायला नेमका कोणता कंट्रोल (तुलनेसाठीचा प्रयोग) ठेवलास, माध्यम बदलल्यावर काय दिसलं आणि आजही काय कळलेलं नाही. हा शेवटचा मुद्दा मुलं गाळतात, पण पीएचडीत काय शोधायचं आहे याकडे नेणारं वाक्य तिथूनच निघतं. प्रत्येक क्रियापदाचा कर्ता तपासून बघ. ‘आम्ही केलं’, ‘केलं गेलं’ असं सगळीकडे असेल तर तू स्वतः काय केलंस ते वाचणाऱ्याला समजत नाही. आणि जे गाइडने सुचवलं ते गाइडने सुचवलं असंच लिही.

इंग्रजीची भीती वाटते म्हणून भारदस्त शब्द शोधू नकोस. मराठी माध्यमातल्या मुलांना एक पद्धत चांगली लागू पडते: धाकट्या भावंडाला समजावून सांगतोय अशा थाटात प्रकल्प मोबाइलवर मराठीत रेकॉर्ड करायचा, दहा मिनिटं. मग ऐकून फक्त मुद्द्यांचा क्रम कागदावर घ्यायचा आणि त्यावरून इंग्रजीत छोटी वाक्यं लिहायची. विचारांची साखळी मराठीत पक्की असली की इंग्रजी साधं असलं तरी चालतं. उलट साखळीच नसेल तर इंग्रजी कितीही गुळगुळीत असो, ते पोकळच वाटतं. टोफेल किंवा आयईएल्टीएस ही इंग्रजीची परीक्षा मात्र मनावर घे. विभाग एकूण गुणांबरोबर बोलण्याच्या भागाची वेगळी किमान अट घालतात, कारण पीएचडीच्या मुलांना पदवीच्या मुलांची प्रात्यक्षिकं घ्यावी लागतात. बोलण्याचा सराव घड्याळ लावून, रोज वीस मिनिटं, आवाज रेकॉर्ड करून व्हायला हवा. दोन्ही परीक्षांचे गुण दोन वर्षं चालतात, म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये देऊन टाक.

आता केटी. तिच्यावर एसओपीत एकही ओळ खर्च करू नकोस. अर्जाच्या बहुतेक पोर्टलवर ‘अधिक माहिती’ असा रकाना असतो, तिथे दोन वाक्यं पुरतात: त्या सत्रात काय झालं, आणि त्यानंतर त्याच विषयाशी जोडलेल्या एमएस्सीच्या पेपरांत किती गुण आहेत. दुसरं वाक्य पहिल्यापेक्षा महत्त्वाचं. घरची अडचण असेल तर एका वाक्यात सांग, तपशील नको. सीजीपीए चारच्या प्रमाणात स्वतः बदलून भरू नकोस. पोर्टल विचारतं ‘गुण किती पैकी’, तिथे ६.९ आणि १० लिहायचं. ज्या सत्रात केटी लागली ती गुणपत्रिका आणि सुटल्यानंतरची, दोन्ही स्कॅन कर. एक लपवली तर पुढे अधिकृत ट्रान्सक्रिप्टमध्ये (विद्यापीठाने दिलेल्या एकत्रित गुणनोंदीत) ती दिसतेच, आणि मग प्रश्न गुणांचा न राहता प्रामाणिकपणाचा होतो.

कागदपत्रांतली मुंबई विद्यापीठाच्या मुलांची नेहमीची अडचण नावाची. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, वडिलांचं, शेवटी आईचं नाव. पासपोर्टवर मांडणी वेगळी. पोर्टल, टोफेल, सगळीकडे पासपोर्टप्रमाणेच भर आणि गुणपत्रिकेवरचं नाव ‘इतर नावं’ या रकान्यात टाक. परीक्षा केंद्रावर ओळखपत्र आणि नोंदणीतलं नाव जुळलं नाही तर बसू देत नाहीत, पैसेही जातात. पासपोर्ट अजून काढला नसेल तर वागळे इस्टेटच्या सेवा केंद्राची अपॉइंटमेंट आधी घे, बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. ट्रान्सक्रिप्टसाठी आत्ताच कलिनाला विद्यापीठात फेऱ्या मारायची घाई नको. अर्जाच्या वेळी बहुतेक ठिकाणी स्कॅन चालतात, अधिकृत प्रत प्रवेश मिळाल्यावर मागतात. फक्त तुझ्या यादीतल्या प्रत्येक विभागाचं पान वाचून खात्री करून घे.

एजंटचा सल्ला कुठून येतो ते समजून घे. गोखले रोडला किंवा वाशीला ‘मोफत मार्गदर्शन’ देणारे बरेच सल्लागार ज्या विद्यापीठांशी करार आहे त्यांच्याकडून, प्रवेश झालेल्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे कमिशन घेतात. ते फी भरून होणाऱ्या अभ्यासक्रमांवर मिळतं. अमेरिकेतल्या जीवशास्त्राच्या पीएचडीत विभागच फी माफ करतो आणि वर दरमहा स्टायपेंड देतो, तिथे सल्लागाराला काही मिळायचं कारण नाही. एमएस वाईट नाही, पण ते बहुतांशी स्वतःच्या किंवा कर्जाच्या पैशावर होतं. पीएचडीची थेट दारं ठोठावायच्या आधीच, केवळ ‘आपली तेवढी लायकी नाही’ या भीतीपोटी घर तारण ठेवून एमएसला जाऊ नकोस. बीएस्सीची तीन आणि एमएस्सीची दोन, अशी पाच वर्षं झाल्यावर पदवी चारऐवजी तीन वर्षांची असल्याची अडचणही सहसा उरत नाही.

एलओआर, म्हणजे शिफारसपत्रं, तीन लागतात, आणि इथे अर्ज खऱ्या अर्थाने फसतात. पहिलं पत्र प्रकल्पाच्या गाइडचं. दुसरं तुला प्रयोगशाळेत काम करताना रोज पाहिलेल्या शिक्षकांचं, मग त्या कितीही ज्युनिअर असोत. विभागप्रमुखांनी तुला फक्त हजेरीपटावर पाहिलं असेल तर त्यांच्या हुद्द्याचा फायदा शून्य. ‘तूच लिहून आण, मी सही करते’ हे उत्तर आपल्याकडे सर्रास मिळतं. तेव्हा नाही म्हणण्याऐवजी एक पानाचं टिपण ने: कोणता विषय कोणत्या वर्षी शिकवला, प्रात्यक्षिकात किंवा प्रकल्पात त्यांनी स्वतः पाहिलेले दोन-तीन प्रसंग, गुण, अर्ज कुठे करतेस, मुदत कधी. आणि म्हण, ‘मॅडम, मुद्दे आणलेत, शब्द तुमचे असू देत.’ तीनही पत्रं आणि एसओपी एकाच हाताने लिहिलेली असली की वाचणाऱ्याला ते दुसऱ्या पानावरच कळतं. पोर्टलवर त्यांचा कॉलेजचा ईमेल दे. कॉलेजने ईमेल दिलेला नसेल आणि जीमेलच असेल तर पत्र लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह हवं. लिंक स्पॅममध्ये जाते, म्हणून पाठवल्याच्या दिवशी त्यांना फोन करून उघडायला सांग. काही पोर्टल लिंक लगेच पाठवतात, काही तुझा अर्ज सबमिट झाल्यावरच, ते आधी पाहून ठेव. विचारायचं नवरात्राच्या आधी, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत लिहून होतं. त्यानंतर सत्रपरीक्षा आणि पेपर तपासणीत त्यांनाही वेळ नसतो.

यादी आठ-नऊ ठिकाणांची पुरे. अर्जाचं शुल्क साधारण ७५ ते १२५ डॉलर असतं, म्हणून सबमिट करण्याआधी विभागाच्या समन्वयकाला शुल्कमाफीबद्दल दोन ओळींचा ईमेल टाक. काही ठिकाणी परदेशी विद्यार्थ्यांना ती मिळत नाही, विचारायला मात्र काही लागत नाही. रँकिंग बघून यादी करू नकोस. जिथे धातू आणि सूक्ष्मजीव, प्रदूषण किंवा जिवाणूंची सहनशक्ती यांवर काम करणारे किमान तीन प्राध्यापक आहेत तीच ठिकाणं घे, आणि एसओपीच्या शेवटी त्यांचं कोणतं काम तुझ्या प्रश्नाला जोडतं ते लिही. अनेक विभागांत पहिल्या वर्षी दोन-तीन प्रयोगशाळांत रोटेशन (आळीपाळीने थोडं थोडं काम) असतं आणि प्रवेशाची निवड समिती करते, त्यामुळे एखाद्या प्राध्यापकाने ईमेलला उत्तर दिलं नाही म्हणून ते नाव खोडू नकोस. जीवशास्त्राच्या बऱ्याच विभागांनी गेल्या काही वर्षांत जीआरई मागणं सोडलं आहे. यादी पक्की झाल्याशिवाय त्या परीक्षेचे पैसे भरू नकोस.

बऱ्याच मुदती १ डिसेंबरच्या असतात. तिथल्या पूर्व किनाऱ्याची रात्री ११:५९ म्हणजे आपल्याकडे २ डिसेंबरची सकाळी १०:२९. तेवढ्यावर विसंबू नकोस, २८ नोव्हेंबर हीच तुझी मुदत समज.

त्याच महिन्यात इथले रस्तेही उघडे ठेव, आणि त्यांना दुय्यम समजू नकोस. टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) आणि इतर संस्थांची जीवशास्त्राची जेजीईईबिल्स ही प्रवेशपरीक्षा डिसेंबरात असते. अर्ज त्याच्या बरेच आधी बंद होतात. सीएसआयआर-नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं. खारघरचं अ‍ॅक्ट्रेक तुझ्या घरापासून ठाणे–पनवेल लोकलच्या एका प्रवासावर आहे. तिथे कर्करोगावर पीएचडी होते, पदवी होमी भाभा राष्ट्रीय संस्थेची.

आता मनातल्या शंकेकडे येऊ. अर्ज करणाऱ्यांच्या ग्रुपवर जी ‘प्रोफाइल’ दिसतात ती प्रवेश मिळालेल्यांची. सहा नकार आलेला मुलगा आपली यादी टाकत नाही, म्हणून सगळ्यांकडे दोन-दोन पेपर आहेत असं वाटतं. आपण चुकून इथवर आलो, कधीतरी पकडले जाऊ, ही भावना इतकी सर्वत्र आहे की १९७८ साली पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी तिच्यावर लेख लिहिला, आणि त्यांनी अभ्यास केला तो कर्तबगार स्त्रियांचाच. तेव्हा ही भावना म्हणजे पात्रतेचा पुरावा नाही, अपात्रतेचाही नाही. तिच्याशी वाद घालण्यापेक्षा तिला प्रश्नात बदल. ‘मला जमेल का’ याला उत्तर नाही. ‘या विभागाची बोलण्याची किमान अट किती’ याला आहे. ‘माझा प्रकल्प कच्चा आहे’ असं वाटलं तर गाइडला विचार की कोणता एक कंट्रोल कमी आहे, आणि तो लाव. वहीत दोन रकाने कर, ज्याचं काही करता येतं ते डावीकडे, बाकी उजवीकडे. रोज काम फक्त डावीकडचं.

मुलाखतीची बोलावणी जानेवारी-फेब्रुवारीत येतात, ऑनलाइन, चार-पाच प्राध्यापक, प्रत्येकी अर्धा तास. दोन मिनिटांत प्रकल्प सांगता आला पाहिजे, फॉस्फेटसह. उत्तर ठाऊक नसेल तर ‘ठाऊक नाही, पण असं तपासून बघेन’ हे उत्तम उत्तर आहे. नकार आले तर कारण तू असशीलच असं नाही: २०२५ मध्ये संशोधनाच्या निधीतल्या कपातीमुळे अमेरिकेतल्या काही विभागांनी जागा कमी केल्या, काहींनी दिलेले प्रवेशही मागे घेतले. निकाल आपल्याकडे रात्रीच येतात. झोपताना फोन दुसऱ्या खोलीत ठेव, ईमेल सकाळी एकदाच बघ. झोप आणि जेवण दोन आठवडे बिघडलेलंच राहिलं तर टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत सरकारी क्रमांकावर चोवीस तास बोलता येतं, मराठीतही.

प्रतीक्षा यादीवर असलीस तर १५ एप्रिलपर्यंत धीर धर. आर्थिक मदतीसह आलेल्या प्रस्तावाला उत्तर द्यायची ती तारीख अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांनी मान्य केली आहे, आणि दोन-तीन प्रस्ताव हातात असलेली मुलं त्या आठवड्यात जागा सोडतात.

आत्ता ऑगस्ट आहे. या शनिवारी गाइडना भेटून पत्राचं विचार, आणि माध्यम बदलण्याआधीच्या व नंतरच्या नोंदी त्यांच्यासमोर एकाच आलेखावर मांड.