‘गोंधळाची शक्यता’ की ‘गल्लत होण्याचा संभव’?

प्रश्न असा आला आहे: एका महिला बचत गटाने आपल्या मसाल्याच्या नावासाठी ट्रेडमार्कचा अर्ज केला. रजिस्ट्रीच्या, म्हणजे ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाच्या, तपासणी अहवालात ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ११ खाली हरकत निघाली, कारण आधीच नोंदलेल्या एका नावाशी हे नाव फार जुळतं. गटातल्या बायकांना अहवाल मराठीत समजावून सांगायचा आहे. त्यातल्या ‘लाइकलीहूड ऑफ कन्फ्यूजन’ला ‘गोंधळाची शक्यता’ म्हणावं की ‘संभ्रमाची शक्यता’?

माझं मत: दोन्ही नको. ‘गल्लत’ म्हणा.

‘गोंधळाची शक्यता’ वाचलं की डोळ्यांसमोर सभा, आरडाओरड आणि पोलीस बंदोबस्त येतो. ‘माझा गोंधळ उडाला’ हे चालतं, पण तिथेही डोक्यात एकाच वेळी दोन-चार गोष्टी घुसलेल्या असतात. संभ्रमाचंही तसंच. संभ्रमात पडलेला माणूस थबकतो, हे की ते असं त्याला होतं. (संस्कृतात संभ्रम म्हणजे लगबग आणि आदरही, पण मराठीत तो अर्थ आता उरलेला नाही.) ट्रेडमार्कच्या कायद्याला मुख्यतः ज्याची काळजी आहे ते गिऱ्हाईक मात्र थबकत नाही. ते अगदी खात्रीने भलतीच वस्तू उचलतं.

माझी आजी तपकीर लावायची. तिला वाचता येत नव्हतं. मला दुकानात पाठवताना ती नाव सांगायची नाही. ‘लाल डबी, वर बाईचं चित्र’ एवढीच खूण. एकदा मी लाल डबी आणली, वर बाईचं चित्रही होतं. आजीने झाकण काढलं, चिमूट बोटांत चोळली, नाकाशी नेली आणि म्हणाली, ‘ही ती नव्हे रे.’ मला दुकानात तसूभरही शंका आली नव्हती. माझी गल्लत झाली होती: एकाच्या जागी दुसरं धरलं गेलं होतं, आणि तेही नकळत.

तपकिरीवरूनच सर्वोच्च न्यायालयात एक खटला झाला होता. मद्रासकडच्या दोन तपकिरी, एक ‘अंबाळ’, दुसरी ‘आंडाळ’. १९६९ साली निकाल लागला. अंबाळ म्हणजे शिवाची पत्नी, आंडाळ म्हणजे रंगनाथाची. तमिळ भाविकाला या दोन वेगळ्या देवता आहेत हे सांगावं लागत नाही. पण गिऱ्हाइकं काही केवळ दक्षिणेतल्या हिंदूंपुरती नव्हती. न्यायालयाने डोळ्याइतकंच कानालाही महत्त्व दिलं आणि दोन्ही नावांचा उच्चार फार जवळचा आहे, असं ठरवलं. आपल्या लिपीत लिहून पाहा: अनुस्वार, मग एक घोष व्यंजन, मग ‘ळ’. गलबल्यात काउंटरवरून मागितलं तर फरक ऐकू येईल का?

त्याआधीचा १९६२ चा ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’चा निकाल तर भाषेची आवड असणाऱ्या प्रत्येकाने वाचावा. तुम्ही-आम्ही लगेच विग्रह करू: एक अमृताची धारा, दुसरी लक्ष्मणाची धारा, कुठे अमृत आणि कुठे लक्ष्मण! न्यायालय म्हणालं, औषध घ्यायला आलेलं साधं गिऱ्हाईक शब्द फोडून व्युत्पत्ती बघत नाही. त्याची बुद्धी सर्वसाधारण आणि आठवण अर्धवट असते. मागे असंच काहीसं नाव असलेलं औषध नेलं होतं, एवढंच त्याला आठवतं. म्हणून पूर्ण नावाचा एकत्रित ठसा पाहायचा, आणि तो गल्लत व्हावी इतका सारखा ठरला. (लक्ष्मणधाराला तरीही उत्तर प्रदेशापुरती नोंदणी मिळाली, कारण तिथला तिचा बराच काळचा वापर अमृतधारावाल्यांनी चालू दिला होता.) ‘ग्लुकोविटा’ आणि ‘ग्लुविटा’च्या १९५९ च्या निकालात तर सगळा भार एका ‘को’वर होता. हे शब्द इथल्या सामान्य माणसाला परके. मधलं एक अक्षर गळलं तर त्याच्या ध्यानातही येणार नाही, असं न्यायालयाला वाटलं.

आता ‘गफलत’. बरेच जण ती गल्लतीच्या जागी वापरतात, आणि ही दोन नावं एकाच मालावर नोंदवायला कोणी गेलं तर हरकत नक्की येईल! दोन्ही शब्द अरबीतून आलेले, पण गल्लतीच्या मुळाशी ‘गलत’ आहे, म्हणजे चूक; आणि गफलतीच्या मुळाशी ‘गाफील’पणा. ‘गिऱ्हाइकाची गफलत’ म्हटलं की दोष गिऱ्हाइकावर जातो: नीट पाहिलं का नाही? कायदा असं विचारत नाही. म्हणून गफलत इथे चुकीची.

अहवालात किंवा वकिलाच्या पत्रात ‘डिसेप्टिव्हली सिमिलर’ही येईल. त्याचं ‘फसवं साम्य’ करतात, ‘फसवणूक करणारं’ तर हमखास करतात. ते वाचून गटातल्या बायका दुखावतील, आणि रास्त दुखावतील. त्यांनी कोणाला फसवलेलं नाही. १९९९ च्या कायद्यातली व्याख्या हेतू विचारत नाही, फक्त एक चिन्ह दुसऱ्याशी किती मिळतंजुळतं आहे ते पाहते. इंग्लंडचे न्यायमूर्ती लॉर्ड डेनिंग यांनी १९६२ साली एका निकालात हा भेद मांडला होता: फसवणं म्हणजे खोटं सांगणं, पण खरं सांगूनही समोरच्याची गल्लत होऊ शकते. मराठीत यासाठी शब्द तयार आहेत. फसवणूक कोणीतरी करतं, फसगत मात्र होते. गल्लतही होते. कर्ता लागत नाही. व्याख्या मी अशी लिहीन: ‘लोकांची फसगत किंवा गल्लत व्हावी इतके मिळतेजुळते.’

‘लाइकलीहूड’ला ‘शक्यता’ चालेल, पण ‘संभव’ मला जास्त वजनाचा वाटतो. शक्यता कशाचीही असते.

राहिला कलम ११ मधलाच आणखी एक शब्द, ‘असोसिएशन’. त्याला ‘साहचर्य’ लिहू नका, कोणाला कळणार नाही. दोन्ही मसाले एकाच घरातले असावेत असं गिऱ्हाइकाला वाटणं, एवढाच त्याचा अर्थ. तेव्हा हरकतीचं वाक्य असं होईल: ‘या नावामुळे लोकांची गल्लत होण्याचा संभव आहे, आधीच्या चिन्हाशी याचे नाते असावे, असे वाटण्याचा संभवही त्यातच धरला आहे.’ आणि हे वाक्य समजावताना तारीखही सांगा. अहवाल मिळाल्यापासून ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.