वाचकांचे प्रश्न : पीडीएफला हाताने टॅग लावताना

प्रश्न : कर्वेनगरातील आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचे मासिक माहितीपत्रक आम्ही सभासदांना पीडीएफ स्वरूपात पाठवतो. आमचे एक दृष्टिहीन सभासद ते एनव्हीडीए या पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणाऱ्या आज्ञावलीच्या साहाय्याने ऐकतात. मागच्या अंकातील आरोग्य तपासणीच्या तक्त्यातील तारखा, नावे आणि वेळा त्यांना एका दमात ऐकू आल्या, त्यामुळे आपली वेळ कोणती हे त्यांना कळले नाही. अ‍ॅक्रोबॅटमध्ये आपोआप टॅग (शीर्षक, परिच्छेद, तक्ता असे मजकुराचे भाग ओळखू देणाऱ्या अदृश्य खुणा) लावून पाहिले. उपयोग झाला नाही. काय करावे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : टॅगला हात लावण्यापूर्वी माहितीपत्रकातील एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवून पाहावी. तेथे रोमन अक्षरांची खिचडी उमटली, तर मजकूर युनिकोड या सर्वमान्य अक्षरसंकेताच्या आधीच्या फॉन्टमध्ये जुळवलेला आहे असे समजावे. अशा पीडीएफला कितीही नेटके टॅग लावले, तरी वाचक-आज्ञावली ती खिचडीच वाचणार, म्हणून मूळ मजकूर युनिकोडमध्ये आणण्यावाचून गत्यंतर नाही. युनिकोड असूनही कधीकधी ऱ्हस्व वेलांटी आपल्या व्यंजनाच्या आधी जाऊन बसते आणि ‘शिबिर’ भलतेच ऐकू येते. असे शब्द मोजकेच असतील, तर त्या टॅगच्या गुणधर्मांत ‘अ‍ॅक्च्युअल टेक्स्ट’ म्हणून शुद्ध मजकूर भरता येतो.

मूळ वर्ड फाइल हाताशी असेल, तर शीर्षकांना केवळ ठळक ठसा न देता ‘हेडिंग’ शैली लावून नवी टॅगयुक्त पीडीएफ काढावी, निम्मे काम तेथेच उरकते. उरलेले मात्र अ‍ॅक्रोबॅट प्रोच्या टॅग-पटलात हातानेच करावे लागते (मोफत रीडरमध्ये ही सोय नाही). दोन स्तंभांच्या पानावर डावा स्तंभ संपल्यावरच उजवा वाचला जावा, यासाठी टॅग ओढून योग्य क्रमाने लावावेत. पानांचे क्रमांक आणि शोभेच्या रेघा ‘आर्टिफॅक्ट’, म्हणजे वाचनातून वगळायचा भाग, ठरवाव्यात, आणि दस्तऐवजाची भाषा मराठी नोंदवावी.

आपली खरी अडचण तक्त्याची आहे. आपोआप लागलेल्या टॅगांत ‘तारीख’, ‘डॉक्टर’, ‘वेळ’ ही शीर्षकेही बहुधा ‘टीडी’, म्हणजे साधे चौकोन, म्हणून नोंदली गेली असावीत, किंवा संपूर्ण तक्ताच परिच्छेद ठरला असावा. ‘टेबल’ टॅगखाली प्रत्येक ओळीला ‘टीआर’ आहे ना, हे पाहून पहिल्या ओळीतील चौकोन ‘टीएच’, म्हणजे शीर्षकाचे चौकोन, करावेत आणि त्यांची व्याप्ती ‘कॉलम’ ठेवावी. सभासदांची नावे पहिल्या स्तंभात असतील, तर त्यांनाही ‘टीएच’ करून व्याप्ती ‘रो’ द्यावी. एकत्र जोडलेले चौकोन शक्यतो टाळावेत. ते दिसायला सुबक असले, तरी ऐकताना घोटाळा करतात.

अ‍ॅक्रोबॅटच्या तपासणीत सर्वत्र हिरव्या खुणा दिसल्या, तरी तेवढ्यावर विसंबू नये, कारण क्रम अर्थपूर्ण आहे की नाही हे त्या तपासणीला कळत नाही. अंक पाठवण्यापूर्वी त्या सभासदांनाच तो ऐकवावा : त्यांनी ‘टी’ कळ दाबून तक्त्यावर जावे, मग कंट्रोल आणि ऑल्ट धरून बाणाच्या कळीने आपल्या नावाच्या ओळीत उजवीकडे सरकावे, आणि त्यांच्या वेळेच्या (समजा, साडेनऊच्या) आधी ‘वेळ’ हा शब्द ऐकू आला की अंक पाठवावा.