जुने भयपट फुकट बघायला मिळत असताना ब्लू-रे किंवा ४के डिस्क घेण्यात अर्थ आहे का?

तुमचं म्हणणं असं की 'नोस्फेराटू', 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' असे जुने भयपट यूट्यूबवर फुकट सापडतात, मग डिस्कवर हजारो रुपये कशाला घालायचे? आणि नव्वद-शंभर वर्षांपूर्वीच्या कृष्णधवल चित्रपटात एचडी असून असून दिसणार काय?

घ्या, पण पारखून घ्या, एवढंच माझं उत्तर. दुसऱ्या शंकेचं आधी सांगतो. जुना चित्रपट म्हणजे अंधुक चित्रपट हे आपल्या डोक्यात कॅसेटींनी आणि केबलवाल्यांनी बसवलं. हे चित्रपट ३५ मिमी फिल्मवर काढलेले आहेत. चांगल्या राखलेल्या निगेटिव्हमध्ये जेवढा बारकावा असतो तेवढा डीव्हीडीत मावतच नव्हता. आपल्याकडच्या पाल डीव्हीडीचं चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं, ब्लू-रेचं १९२० बाय १०८०, ४केचं ३८४० बाय २१६०. १९३१ सालच्या चित्रपटाला ४के जास्त होत नाही, त्यातलं सगळं मावेल एवढी जागा त्याला आत्ता कुठे मिळाली आहे.

'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' (१९६८) मी शाळेत असताना भाड्याच्या कॅसेटवर पाहिला. आवडला, पण बराचसा अंदाजानेच पाहिला म्हणायचं, इतकं चित्र धुरकट होतं. तसं का होतं ते पुष्कळ वर्षांनी कळलं. दिग्दर्शक जॉर्ज रोमेरो आणि त्यांच्या मित्रांनी अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या आसपास तुटपुंज्या पैशांत तो काढला. प्रदर्शनाच्या वेळी चित्रपटाचं नाव बदललं, नावाची पाटी नवी आली आणि जुन्या पाटीवरची कॉपीराइटची ओळ नव्या पाटीवर घालायची राहून गेली. तेव्हाच्या अमेरिकन कायद्यात ती ओळ नसली की हक्क गेला. मग कुणीही उठावं आणि कॅसेट काढावी! प्रतीवरून प्रत, तिच्यावरून आणखी एक प्रत, असं करत करत तो चित्रपट आपल्यापर्यंत आला. फुकट सापडणाऱ्या कित्येक प्रती याच वंशावळीतल्या आहेत.

न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने आणि जुने चित्रपट जपणाऱ्या द फिल्म फाउंडेशनने मूळ कॅमेरा निगेटिव्हवरून त्याचं ४के पुनरुज्जीवन केलं. रोमेरो स्वतः त्या कामावर देखरेख करत होते. नोव्हेंबर २०१६ मध्ये ते तिथे दाखवलं गेलं. २०१७ च्या जुलैत रोमेरो गेले, आणि क्रायटेरियन या डिस्क काढणाऱ्या कंपनीची ब्लू-रे आली २०१८ मध्ये. आपला चित्रपट असा स्वच्छ झालेला त्यांना बघता आला, याचं मला फार समाधान वाटतं.

ती डिस्क लावलीत तर सुरुवातीचा स्मशानातला प्रसंग नीट बघा. बार्बरा आणि जॉनी ही बहीण-भावंडं वडिलांच्या थडग्यावर पुष्पचक्र ठेवायला आलेली असतात. ती दोघं बोलत असताना मागे, लांब थडग्यांमधून, एक उंच माणूस चालत असतो. माझ्या कॅसेटवर तो राखाडी डाग होता. झाड असेल, नाहीतर टेपचा दोष असेल, असं समजून मी सोडून दिलं होतं. निगेटिव्हवरून काढलेल्या चित्रात त्याचा काळा सूट दिसतो, झोकांडी देणारी चाल दिसते. अजून काहीच घडलेलं नसतं, कुणीही घाबरलेलं नसतं, आणि तो तिथे असतो. रोमेरोंनी भीतीची सुरुवात तिथून केली होती आणि आम्हाला ती कधी पोहोचलीच नव्हती.

भयपटाच्या बाबतीत डिस्कचा आग्रह मी धरतो तो काळोखासाठी. विनोदी चित्रपट थोडा अंधुक असला तरी हसू येतं. भयपटात मात्र निम्मं काम सावल्या करतात, आणि दाबून लहान केलेल्या व्हिडिओत आधी सावल्याच मरतात. भिंतीवरचा अंधार चौकोनाचौकोनांत फुटतो, काळ्या कोटाची घडी आणि मागचा पडदा एक होऊन जातात. ब्लू-रेवर चित्राची माहिती सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत वाहू शकते. स्ट्रीमिंगच्या एचडीला त्यातला लहानसा वाटा मिळतो.

'फ्रँकेन्स्टाइन'मधला (१९३१) राक्षसाचा पहिला प्रवेश घ्या. तो दारातून पाठमोरा आत येतो, हळूहळू वळतो, आणि मग कॅमेरा दोन झटक्यांत त्याच्या चेहऱ्याला भिडतो. राक्षस झालेल्या बोरिस कार्लॉफने तोंडातले बसवलेले दात काढून ठेवले होते, त्यामुळे एका बाजूचा गाल आत गेलेला आहे. रंगभूषाकार जॅक पियर्सने पापण्यांवर मेण चढवून त्या जड केल्या होत्या. खराब प्रतीत हा चेहरा नुसता मुखवटा वाटतो. युनिव्हर्सलने २०१२ साली, कंपनीच्या शताब्दीला, आपल्या जुन्या राक्षसांचे आठ चित्रपट ब्लू-रेवर एकत्र आणले. त्यात त्या खोल गेलेल्या गालावरची सावली दिसते, जड पापणीखालचा डोळा दिसतो, आणि भीतीसोबत त्या जिवाची कीवही येते.

त्याच संचात १९३१ चा 'ड्रॅक्युला' आहे. त्यात नावांच्या पाट्या आणि संगीतगृहातला प्रसंग सोडला तर संगीत जवळजवळ नाहीच. जुन्या प्रतींमध्ये या शांततेच्या जागी सतत खरखर ऐकू यायची. ती साफ केल्यावर ड्रॅक्युला झालेला बेला लुगोसी मेणबत्ती घेऊन जिना उतरतो तेव्हा किल्ला खरोखर रिकामा वाटतो आणि बाहेरच्या लांडग्यांचं ओरडणं कानाशी येतं. त्याच सेटवर रात्रीच्या पाळीत काढलेला स्पॅनिश 'ड्रॅक्युला'ही सोबत आहे. कॅमेऱ्याच्या कामात तो मला मूळ चित्रपटापेक्षा सरस वाटतो.

'नोस्फेराटू'ची (१९२२) गोष्ट वेगळी. तो 'ड्रॅक्युला' कादंबरीवरून परवानगी न घेता काढला होता. कादंबरीचे लेखक ब्रॅम स्टोकर यांच्या पत्नीने खटला जिंकला आणि १९२५ मध्ये न्यायालयाने त्याच्या सगळ्या प्रती नष्ट करायला सांगितलं. जो वाचला तो इकडेतिकडे विखुरलेल्या प्रतींमुळे. फुकट मिळणाऱ्या राखाडी प्रतीत काउंट ऑर्लोक भरदुपारी शवपेटी काखोटीला मारून गावातून चालताना दिसतो. सूर्यप्रकाशाने मरणारा पिशाच्च उन्हात हिंडतो, म्हणून लोक हसतात. ते दृश्य उन्हात चित्रित केलंय हे खरं. पण तेव्हा रात्रीची दृश्यं दिवसा घ्यायची आणि प्रत निळी रंगवायची, अशीच पद्धत होती. चित्रपटाचे दिग्दर्शक मुर्नाऊ यांच्या नावाने चालणाऱ्या जर्मन संस्थेच्या पुनरुज्जीवनात १९२२ च्या एका फ्रेंच रंगीत प्रतीवरून हे रंग परत आणले आहेत. चित्र निळं होतं आणि गावावर रात्र पडते. हा चित्रपट राखाडी प्रतीत बघितला असेल, तर कृपा करून एकदा रंगीत प्रतीत बघा.

कधी डिस्कमुळे हरवलेलं दृश्यच परत मिळतं. हॅमर या ब्रिटिश चित्रपट कंपनीच्या १९५८ च्या 'ड्रॅक्युला'त शेवटी सूर्यप्रकाश अंगावर पडल्यावर ड्रॅक्युला झालेला क्रिस्टोफर ली स्वतःच्या चेहऱ्याची कातडी ओरबाडतो. ब्रिटनमध्ये ते कापलं गेलं होतं. जपानच्या प्रतीत ते होतं, असं रसिक वर्षानुवर्षं सांगत होते. टोकियोच्या फिल्म संग्रहालयात १९८४ साली आग लागली होती, तीतून वाचलेल्या शेवटच्या रिळांमध्ये ते खरंच सापडलं. २०१३ च्या ब्रिटिश ब्लू-रेवर ते चित्रपटात जोडलेलं आहे, आणि ती जपानी रिळं जशी सापडली तशी वेगळीही दिली आहेत. त्या डिस्कचा रंग मात्र मला नको इतका निळसर वाटतो. हॅमरचं लाल रक्त लालच दिसायला हवं.

आता पारखायचं कसं? खोक्यावर 'एचडी' लिहिलंय याला काही किंमत नाही. पन्नास चित्रपट एकाच संचात देणारे जुन्या टेपा ताणून मोठ्या करतात. चित्र कशावरून घेतलंय ते बघा: मूळ कॅमेरा निगेटिव्ह, फाइन-ग्रेन प्रत (निगेटिव्हवरून बारीक कणांच्या फिल्मवर काढलेली) की कशावरून ते न सांगता नुसतं 'रीमास्टर्ड'. मेहनत घेणारे प्रकाशक हे आवर्जून छापतात. आणि चित्रात बारीक कण सळसळताना दिसले तर डिस्क परत करू नका. कृष्णधवल फिल्मवरचं चित्र चांदीच्या कणांनीच बनतं. ते पुसून गुळगुळीत केलं की कातडीचा पोतही पुसला जातो आणि चेहरे मेणाचे दिसू लागतात.

प्लेअर घेण्याआधी एक लक्षात ठेवा. ब्लू-रे डिस्क जगाच्या ठरावीक विभागांतल्या प्लेअरपुरत्या बांधलेल्या असू शकतात. या विभागांत भारत 'सी'मध्ये येतो, अमेरिका 'ए'मध्ये आणि ब्रिटन 'बी'मध्ये. त्यामुळे परदेशातून मागवलेली ब्लू-रे साध्या प्लेअरवर चालेलच असं नाही, सगळे विभाग वाचणारा प्लेअर लागतो. ४के डिस्कला विभागांची कटकट नाही. डिस्क ड्राइव्ह असलेला पीएस५ (प्लेस्टेशन ५ हा गेमिंग कन्सोल) घरात असेल तर ४केसाठी वेगळा प्लेअरही नको.

रामसे बंधूंचे चित्रपटही मोंडो मकाब्रो या परदेशी कंपनीने ब्लू-रेवर आणले आहेत. आपल्या मुंबईत बनलेला 'पुराना मंदिर' नीट बघायला मिळावा म्हणून डिस्क समुद्रापलीकडून मागवावी लागते, याचं वाईट वाटतं. पण कुणीतरी ते केलं याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

पहिली एकच घ्यायची तर 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'ची ४के घ्या, ती २०२२ मध्ये आली. टीव्हीतलं मोशन स्मूदिंग, म्हणजे हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारी सोय, बंद करा, नाहीतर सगळं मालिकेसारखं दिसेल. खोलीतला दिवाही बंद करा, कारण उजेडाची तिरीप पडद्यावर आली तर तो स्मशानातला माणूस पुन्हा डाग होईल.